गयेला सोडलेला नारळ

अंदमानला मी माझ्या मर्जीनं गेलो नाही. पोराच्या ऑफिसात फिरायला जायची सवलत मिळते. ठरलेल्या मुदतीत वापरली नाही तर ती बुडते, आणि त्या सवलतीत बापाला 'आश्रित' म्हणून नेता येते. म्हणजे मी फिरायला गेलो नाही, माझा उपयोग झाला.

बायको जाऊन वर्ष फिरलं नव्हतं. वर्ष फिरेपर्यंत घरात गोडधोड नाही, गाणंबजावणं नाही, हौसेचा प्रवास नाही, हे रायपूरच्या आमच्या बूढ़ापाऱ्यातलं शेंबडं पोट्टंही सांगेल. पण सवलत मार्चात संपत होती. बायकोला कोणी मुदत वाढवून दिली नाही, सवलतीला कोण देणार? मग सुनेनं चौबे कॉलोनीतल्या आपल्या मैत्रिणींना फोन लावले आणि तोड काढली. गयेला जाऊन पिंड दिले की गेलेलं माणूस कायमचं मार्गी लागते, मागचे सगळे मोकळे होतात. मग वर्ष पाळायची गरज नाही.

"बाबा, मम्मी को गया में बिठा देते हैं," पोरगा म्हणाला.

"अन् मग?"

"फिर सब क्लियर."

"म्हणजे तिले बसवून तुम्ही उठून राहिले."

पोरगा हिंदीतच बोलतो. मराठी समजते त्याला, शिवी तर फारच चांगली समजते, पण उत्तर हिंदीत. रायपूर राजधानी झालं तेव्हापासून त्याच्या हिंदीलाही इस्त्री बसली आहे. मी चौथी शिकलेला, रेल्वेच्या कारखान्यात जन्मभर घण मारलेला माणूस. माझं बोलणं त्याच्या साहेब लोकांसमोर निघालं की तो खिडकीबाहेर पाहतो.

गयेत पिंड होईस्तोवर पंड्याला फार घाई होती. पिंड झाल्यावर तो निवांत झाला. तिथली एक रीत आहे. ज्याच्या नावानं आलात त्याच्यासाठी एक वस्तू जन्मभर सोडायची. फळ म्हणा, भाजी म्हणा, काहीही, पण आवडीची. झाडाखाली बसायचं, हातात पाणी घ्यायचं आणि बोलायचं.

पोरानं पाणी घेतलं आणि जिमीकंद सोडला. जिमीकंद म्हणजे सुरण. लहानपणी एकदा सुरण खाऊन, घसा खाजवत त्यानं सगळी गल्ली डोक्यावर घेतली होती. तेव्हापासून सुरणाचं नाव काढलं तरी तो ताटावरून उठतो. सुनेनं कारलं सोडलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं कारल्याला हात लावला नाही, हे पंड्याला काय माहीत? त्यानं दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. मायसाठी एवढा मोठा त्याग पाहून मलाच भरून आलं.

माझी पाळी आली. मी चहा सोडणार होतो. पोराला ते माझ्या तोंडावरून कळलं असेल. कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, ऐसा कुछ छोड़ो जो निभ जाए. बाद में घर में टेंशन नहीं चाहिए."

मी नारळ सोडला.

"बढ़िया," पोरगा म्हणाला. "अपने यहाँ वैसे भी कौन खाता है."

त्याला वाटलं, बापही आपल्यासारखाच हुशार निघाला. माझ्या नारळाची गोष्ट वेगळी होती. नवरात्रात आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घरोघरी देवीच्या देवळातून फोडलेले नारळ येतात. चार दिवसांत इतके जमतात की बायांना त्यांचं काय करावं समजत नाही. त्या सगळ्या वाट्या आमच्या घरी यायच्या, आणि आमची ही खवणी घेऊन बसायची. खवताना एकाच गाण्याची एकच ओळ गुणगुणायची. तीच ती, तीच ती, खोबरं संपेपर्यंत.

मी ओरडायचो, "पुढची ओळ नाही काय वो त्याले?"

"पुढची तुमच्याजवळ आहे. म्हणा."

मग वड्या व्हायच्या आणि पुन्हा त्याच घरांत वाटल्या जायच्या. कडेच्या, थोड्या करपलेल्या वड्या माझ्या. नुसता नारळ मला कधी आवडला नाही. ओलं खोबरं चावायला घेतलं की लाकडाचा भुसा खाल्ल्यासारखं वाटते. मला आवडायची ती वडी, पण ती सोडतो म्हणायची सोय नव्हती, कारण करणारी गेली तेव्हाच ती सुटली होती. म्हणून नारळ.

आणि खरं सांगायचं तर तिच्यासाठी करायचं म्हणून तेवढंच एक काम माझ्याकडे उरलं होतं. औषधाच्या वेळा गेल्या, दवाखान्याचे फेरे गेले, उशाशी पाणी ठेवणं गेलं. उरलं काय, तर नारळ न खाणं. बिनमेहनतीचं होतं, पण माझं होतं.

असं नारळ सोडलेलं माणूस ही मंडळी कुठे घेऊन गेली, तर अंदमानला.

तिथे तिसऱ्या दिवशी 'रिलॅक्स डे' होता. आज काहीच करायचं नाही, असं टूरवाल्यानं छापूनच दिलं होतं. काहीच न करायला त्यानं आम्हाला पहाटे उठवलं. हॉटेलात इडली होती. चटणी नारळाची. सांबारात काय म्हणून विचारलं, तर वाढणारा म्हणाला, थोडा नारियल. मी कोरडी इडली चहात बुडवून खाल्ली. पोरगा खिडकीबाहेर पाहत होता.

मग बोटीनं एका लहान बेटावर नेलं. उतरल्या उतरल्या टूरवाल्यानं सगळ्यांच्या हातात एकेक शहाळं दिलं, वरून नळी खुपसलेलं. मी हात मागे घेतला.

"मैंने नारियल छोड़ा है."

"अंकल, ये नारियल थोड़ी है, ये तो पानी है."

"तुह्या इकडे पाणी झाडाले लागते काय?"

तो हसला. त्याला मराठी समजत नव्हतं, म्हणूनच हसला.

दोन नारळाच्या झाडांना जाळीचा झुला बांधला होता. त्यात पोरानं आणि सुनेनं मला आडवं केलं आणि फोटो काढला. बाजारात जाळीच्या पिशवीतून भोपळा नेतात, तसा मी लोंबत होतो. वर पाहिलं तर घोसच्या घोस. मी त्यांना सोडलं होतं, त्यांनी मला सोडलं नव्हतं. एखादा सुटला असता तर पोराला पुन्हा गयेला जावं लागलं असतं, तेही सवलत संपल्यावर.

समुद्राला मी नाव ठेवत नाही. समुद्र चांगला होता. आमच्या बूढ़ा तालाबाहून मोठा आणि स्वच्छ. पण त्याच्याकडे किती वेळ पाहायचं? तो येते, जाते. तासाभरात मला त्याचं सगळं समजलं.

भूक लागली तेव्हा सुनेनं पिशवीतून डबा काढला. "पप्पाजी, चिवड़ा लीजिए. ये तो घर का है."

तिनं प्रेमानंच आणला होता, ते मी नाकारत नाही. झाकण उघडलं. चिवड्यात खोबऱ्याचे काप, चांगले तळून लाल केलेले.

"अरे!" ती म्हणाली. "मैं तो भूल ही गई. निकाल के खा लीजिए ना."

"अन् उद्या मी सुरणाची भाजी केली तर तुह्या नवऱ्यानं फोडी काढून रस्सा खायचा काय?"

डबा बंद झाला.

तिकडे गाणं सुरू झालं होतं. पोराच्या ऑफिसातले मोठे साहेबही तीच सवलत घेऊन आमच्यासोबत आले होते. त्यांनी रायपूरहून एक वाजणारा डबा आणि माइक आणला होता. डब्यातून नुसतं वाजवणं येते, म्हणायचं आपण. साहेब सकाळपासून म्हणून राहिले होते. सगळी प्रेमाची गाणी, डोळे मिटून, बायकोकडे तोंड करून. त्यांची बायको तोंडावर टोपी ठेवून वाळूत झोपली होती. डबा पुढे जायचा, साहेब मागून पोचायचे. पोरगा टाळ्या वाजवायचा. गाणं संपायच्या आधीच वाजवायचा, म्हणजे ऑफिसातले बाकीचे आधी वाजवतील अशी भीती. बाकीचे तिथे नव्हते तरी. बेटावरची पाखरं केव्हाच दुसऱ्या बेटावर गेली असावीत.

"अंकलजी," साहेब माइकमधूनच म्हणाले, "आप भी कुछ सुनाइए. मन हल्का हो जाएगा."

"मन हलकंच आहे साहेब. पोट त्याहून हलकं आहे."

पोरगा मोठ्यानं हसला आणि साहेबांना म्हणाला, "बाबा मज़ाक करते हैं." मी मज्जाक केला नव्हता.

दुपारी जेवण आलं. पानांनी शाकारलेली एक झोपडी होती, तिथे एक पन्नाशीची जाडजूड बाई लोखंडी तव्यावर मासे तळत होती. तिथून वास आला आणि मी झुल्यातून माझा मीच उतरलो. भातावर घालायच्या रश्शात नारळाचं दूध होतं, तो प्रश्न नव्हता. तळलेल्या माशाचं विचारून ये म्हणून मी सुनेला पाठवलं. ती लगेच परत आली.

"कुछ नहीं है पप्पाजी. फ्राई है. फ्राई में नारियल कहाँ से आएगा?"

मी बसलो. पहिला तुकडा तोंडात घातला. वरून कुरकुरीत, आत मऊ, आंबट, तिखट, आणि शेवटी जिभेवर काहीतरी गोडसर राहत होतं. मी तो संपवला. दुसरा मागितला. मग तिसरा मागितला. बायको गेल्यापासून मी रोज ताटात अर्धी पोळी टाकून उठत होतो, आणि रोज सून ती पोळी उचलताना उसासा टाकत होती. आज तिनं मोबाइल काढला. "देखो देखो, पप्पाजी खा रहे हैं!" पोरगाही पाहत राहिला. साहेब शेजारीच जेवत होते. माइक त्यांच्या मांडीवर होता आणि चालूच होता.

"वाह," साऱ्या बेटाला ऐकू आलं, "कोकोनट ऑइल की खुशबू ही अलग है."

माझा हात ताटातच थांबला.

"तू विचारलं होतं ना वो?" मी सुनेला म्हणालो.

"मैंने टूरवाले से पूछा था," ती म्हणाली. "उसने कहा फ्राई है."

मग त्या वाळूत धर्मसभा भरली. पोरगा म्हणाला, "बाबा, तेल तेल होता है. नारियल अलग चीज़ है."

सून म्हणाली, "और सिर में तो आप रोज़ लगाते हैं. वो भी तो नारियल का ही है."

"मी डोक्यानं जेवतो काय?"

साहेबांनी घसा साफ केला. ऑफिसात फायलीवर शेरा मारतात तशा आवाजात म्हणाले, "देखिए, संकल्प वस्तु का था. वस्तु का रूप बदल गया, तो वो वस्तु रही नहीं."

"म्हणजे कोणी दूध सोडलं तर पेढा चालते."

"बिल्कुल!" साहेब खूश झाले. "आप समझ गए."

"सुरणाचं तेल निघत नाही, नाहीतर पहिले तुह्या ताटात तेच वाढून पाहिलं असतं," मी पोराला म्हणालो. साहेबांना सुरणाचं काही माहीत नव्हतं. त्यांनी पोराकडे पाहिलं. पोरगा लाल झाला.

"आप हर बात में यही करते हो," तो म्हणाला. "मम्मी होती ना, तो वो भी यही कहती कि खा लो."

"तुह्या मायनं काय म्हटलं असतं हे तू मले नको शिकवू."

मी उठलो. हात न धुताच उठलो. साहेबांच्या बायकोनं टोपी थोडी वर करून पाहिलं आणि पुन्हा तोंडावर ओढली. त्या सगळ्यांत तीच एक शहाणी होती.

राग तेलाचा नव्हता. तेल डोक्यात असो की तव्यात, ते तेलच, एवढं मलाही समजते. मासा चांगला लागला होता, त्याचा राग होता. बायको गेल्यावर पहिल्यांदा मी कोणी आग्रह न करता, मागून मागून खाल्लं होतं. तेही तिच्या नावानं सोडलेल्या वस्तूत तळलेलं. एवढंसं काम माझ्याकडे होतं, तेही मला सांभाळता आलं नाही.

झोपडीशी गेलो. बाईनं झाऱ्यावरून मान वर केली.

"क्या हुआ बाबा, काँटा लगा?"

"नहीं. नारियल छोड़ा हूँ मैं. घरवाली के नाम से. गयाजी में."

"हव?" ती म्हणाली.

तो 'हव' ऐकून मी तिच्याकडे नीट पाहिलं. हा आमच्या छत्तीसगडचा होकार, इतक्या पाण्यापलीकडे कुठून आला? तिचा आजा आमच्याच बाजूचा निघाला. जंगल तोडायला म्हणून मजुरांना बोटीत घालून आणलं होतं, त्यांच्यातला. तिनं स्वतः छत्तीसगड कधी पाहिलं नव्हतं.

"रायपुर में अब क्या है?" तिनं विचारलं.

"राजधानी है."

"उससे क्या होता है?"

"साहब बढ़ जाते हैं."

तिनं साहेबांच्या डब्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिला पटलं असावं.

"मुझसे कोई पूछा ही नहीं," ती म्हणाली. "पूछते तो अलग बना देती. अब बोलो. पानी में उबाल दूँ? हल्दी-नमक डाल के? मरीज वाला?"

"दे."

तिनं लहान पातेलं चढवलं. मी उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसलो. पाणी उकळेपर्यंत काय बोलायचं, म्हणून माझ्या तोंडून निघालं, "वो जो तला था, उसमें क्या-क्या डाला था?"

विचारलं आणि माझं मलाच समजलं की हे मी का विचारलं. मी कोणाच्या लग्नात जेवून आलो की आमच्या हिचा पहिला प्रश्न असायचा, भाजीत काय होतं? मला सांगता यायचं नाही. मग ती म्हणायची, "जेवले की गिळले?" त्या बोलण्याला कंटाळून मी पुढे पुढे मांडवामागे जाऊन आचाऱ्यालाच विचारायला लागलो. मसाला पाठ करत घरी यायचो. वाटेत कोणी भेटलं तर बोलायचो नाही, विसरायला नको म्हणून. आता पाठ करून कोणाला सांगणार होतो? पण विचारून झालं होतं.

बाई बोटांवर मोजत सांगू लागली. "हल्दी, लाल मिर्ची, लहसुन, इमली. और आधा नारियल पीस के. उसी का तो लेप है."

"आधा नारियल?"

"हव. कच्चा वाला. नहीं तो ऐसा कुरकुरा होगा क्या?"

मागे वाळूत धर्मसभा अजून चालू होती. साहेब माइकमधून सांगत होते की तेलात वस्तूचा अंश असतो, पण वस्तू नसते. सून म्हणत होती की पंडितजींना फोन लावून विचारून घेऊ. आणि मी इकडे अर्ध्या नारळातला चांगला वाटा खाऊन बसलो होतो. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून खोकल्यासारखं निघालं.

"हँसते क्यों हो?"

"वो लोग तेल पर लड़ रहे हैं."

तीही हसली, पोट हलवून. मग तव्याकडे पाहून म्हणाली, "अब तो खा ही लिए हो. दो टुकड़े बचे हैं. दूँ?"

ते दोन तुकडे तव्याच्या कडेला होते. खोबरं लाल झालेलं, जरा करपलेलं. खोटं काहून बोलू, तोंडाला पाणी सुटलं. आणि तिथे बादलीवर बसल्या बसल्या मला दिसलं की गयेला मीही सुरणच सोडला होता. पंड्यानं सांगितलं होतं, आवडीची वस्तू. नारळ माझ्या आवडीचा नव्हताच. तो आवडीचा झाला त्या दिवशी, तिसऱ्या तुकड्याला. आता तो सोडला तर काही सोडल्यासारखं होईल.

"नको," मी म्हणालो. "उसको दे दो, वो गानेवाले साहब को."

एवढ्यानं दुसऱ्यांदा नारळ सुटला. हातात पाणी नव्हतं, मंत्र नव्हता. घरच्यांना मी लेपाचं आजवर सांगितलेलं नाही. ते अजूनही कोणी पाहुणा आला की तेलाची गोष्ट काढतात, आणि पाहुणाही आपलं मत देऊन जातो.

बाईनं पातेल्यातला मासा माझ्या ताटात काढला. पांढराफटक, ढिला. तापातल्या माणसाला देतात तसा. तिनं उभं राहून मला पहिला घास घेताना पाहिलं.

"कैसा है?"

"बेकार."

"नमक दूँ?"

"दे," मी म्हणालो, आणि ताट पुढे केलं.